मुद्राचित्राची किंमत आणि मुद्राचित्राचा अर्थ

संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात गद्दुलबद्ध या नावाची दोन सुत्ते आहेत. त्यांपैकी दुसऱ्या सुत्तात तथागत भिक्खूंना विचारतात की, 'चरण' नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय? भिक्खू होकार देतात. तेव्हा तथागत म्हणतात की, ते चरणचित्रही चित्तानेच कल्पिलेले आहे आणि चित्त त्याहूनही अधिक विचित्र आहे. अट्ठकथाकार बुद्धघोष या चरणचित्राचा खुलासा करतात. संख नावाचे काही ब्राह्मण पंथीय कापडावर सुगती व दुर्गती रंगवून घेत, अमुक कर्म केल्यास अमुक फळ मिळते असे लोकांना दाखवीत आणि ते चित्र घेऊन गावोगाव हिंडत. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचे हे दूरचे पूर्वज मानावेत काय, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पाली भाषेत 'चित्त' हा शब्द मनासाठीही वापरला जातो आणि चित्रासाठीही. या श्लेषाचा उपयोग करून तथागतांनी चित्र पाहणाऱ्याचे लक्ष चित्रावरून उचलून पाहणाऱ्या मनाकडे वळविले, ही गोष्ट प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हा विषय निघण्याचे कारण असे की, अलीकडे आपल्यातील काही प्राध्यापक, डॉक्टर व अधिकारी मंडळी मर्यादित प्रतींची मुद्राचित्रे विकत घेऊ लागली आहेत. काळा घोडा परिसरातील एखाद्या कलादालनात अजिंठ्याच्या बोधिसत्त्वावर आधारलेले किंवा ध्यानस्थ बुद्धाचे चित्र दिसते, खाली पेन्सिलीने 12/50 असा आकडा व चित्रकाराची सही असते आणि किंमत एखाद्या शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराच्या घरात जाते. 'ही प्रत घ्यावी काय?' असे मला अनेकदा विचारले जाते. मी पालीचा अभ्यासक आहे, चित्रांचा व्यापारी नव्हे. त्यामुळे किंमतीविषयी मी काय सांगणार? परंतु या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले असतात. एक, ही प्रत अस्सल आहे काय. आणि दुसरा, या चित्राचा अर्थ काय. पहिला प्रश्न सर्वजण विचारतात. दुसरा क्वचितच कोणी विचारतो, कारण बुद्धाचे चित्र आहे म्हणजे अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असे आपण गृहीत धरतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक असल्याने ते आधी उरकून घेऊ. मूळ मुद्राचित्रात चित्रकार स्वतः तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर, लाकडाच्या फळीवर, दगडावर अथवा जाळीच्या पडद्यावर काम करतो आणि त्यावरून थेट कागदावर छाप घेतो. पत्र्यावरून घेतलेल्या छापात, म्हणजे अम्लरेखन किंवा एचिंगमध्ये, ओल्या कागदावर पत्र्याच्या कडांचा दाब उमटतो. बोट फिरविल्यास तो जाणवतो. याउलट रंगीत छायाचित्रावरून ऑफसेट यंत्रावर काढलेली प्रत भिंगाखाली धरली की रंगीत ठिपक्यांची वर्तुळे दिसतात. अशा ऑफसेट प्रतीवर चित्रकाराने सही केली तरी ती मुद्राचित्र होत नाही. ती सही केलेली नक्कल होय. संगणकावरून शाईच्या फवाऱ्याने काढलेल्या प्रतींनाही हल्ली क्रमांक घालतात. त्या टिकाऊ असू शकतात, पण चित्रकाराचा हात तेथे पत्र्याला लागलेला नसतो. विकत घेणाऱ्याने हे विचारून घ्यावे. न विचारता घेतले तर विकणाऱ्याकडे बोट दाखवू नये.

प्रतींची संख्या ठरवून देण्याची प्रथा मात्र फार जुनी नाही. पूर्वी युरोपात पत्रा झिजेपर्यंत छाप काढीत. तांब्यावर सुईने थेट ओरखडून काढलेल्या रेषांची धार काही डझन प्रतींनंतर दाबाखाली बसते, त्यामुळे आरंभीचे छाप सरस व नंतरचे निस्तेज होतात. एवढ्यापुरती मर्यादा धातूनेच घातलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तांब्यावर लोखंडाचा कठीण मुलामा चढविण्याची युक्ती निघाली आणि हजारो प्रती काढणे शक्य झाले. नेमक्या त्याच काळानंतर क्रमांक घालण्याची व पत्रा खोडून टाकण्याची पद्धत रूढ झाली. अर्थात, जी मर्यादा आधी द्रव्याची होती ती पुढे बाजाराची झाली. हे वाईटच आहे असे नाही. चित्रकाराला जगावे लागते. पण 12/50 या आकड्यात काही आध्यात्मिक गुण असल्यासारखे त्याकडे पाहण्याचे कारण नाही.

आता आपल्या परंपरेतील एक कसोटी या ठिकाणी लावून पाहू. कालिङ्गबोधि जातकाच्या निदानकथेत आनंद स्थविर तथागतांना चेतियांचे प्रकार विचारतात. उत्तरात तीन प्रकार सांगितले आहेत : सारीरिक, म्हणजे शरीरधातूंचे, पारिभोगिक, म्हणजे वापरलेल्या वस्तूंचे, जसे बोधिवृक्ष, आणि उद्देसिक, म्हणजे कोणाला तरी उद्देशून केलेले. प्रतिमा व चित्र ही तिसऱ्या प्रकारात मोडतात. या तिसऱ्या प्रकाराविषयी तेथे जे म्हटले आहे ते आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. त्याला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनावर अवलंबून आहे, असे तेथे सांगितले आहे. म्हणूनच आनंदाने जेतवनात बोधिवृक्ष लावविला. प्रतिमेला येथे दुय्यम स्थान आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याला वस्तूचा आधार नाही आणि जे मनावर अवलंबून आहे, त्याचे मोल पाहणाऱ्याच्या समजुतीइतकेच असणार, असाही त्याचा अर्थ होतो. संग्राहकांचे वर्तन या कसोटीवर पाहिले तर मौज वाटते. बुद्धाचे चित्र वास्तविक उद्देसिक. पण त्यावरील पेन्सिलीची सही, अंगठ्याचा शाईचा डाग, 'चित्रकाराची स्वतःची प्रत' अशी खूण यांसाठी जेव्हा जास्त पैसे मोजले जातात, तेव्हा ते चित्र पारिभोगिक चेतिय बनलेले असते, आणि तेही बुद्धाचे नव्हे, चित्रकाराचे. त्या चौकटीत पूजा कोणाची चालली आहे, हे घरमालकाने एकदा स्वतःलाच विचारून पाहावे.

मुंबईत रंगीत चित्र घरोघर पोहोचले ते मर्यादित प्रतींनी नव्हे. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 साली गिरगावात सुरू झाला व त्यातून 'शकुंतला-जन्म' हे पहिले चित्र बाहेर पडले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि 1972 साली आगीत नष्ट झाला. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड वापरून काढलेले, तेलचित्राचा भास देणारे हे शिळाछाप ओलिओग्राफ या नावाने ओळखले जात. लालबाग-परळच्या चाळींत जी लक्ष्मी, जी सरस्वती भिंतीवर लागली ती बहुतेक या किंवा अशाच छापखान्यांतून आलेली होती. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत देवाची तसबीर मात्र आली. छापखान्याने एक दार उघडले हे खरे. पण त्या दारातून जे आत आले ते काय होते, याचा हिशेब 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झाला. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या काही प्रतिज्ञा ज्या देवतांना नाकारतात, त्या देवता गिरणगावातील बहुतेक खोल्यांमध्ये मूर्तीच्या नव्हे, छापील तसबिरीच्या रूपात हजर होत्या. त्यामुळे धर्मांतराची पहिली घरगुती कृती खिळ्यावरून तसबीर उतरविणे ही होती. कलेच्या इतिहासकारांनी रविवर्म्याच्या चित्रांवर पुष्कळ लिहिले आहे. ती भिंतीवरून उतरली त्या दिवसांविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले.

याचा एक पुरावा माझ्या घरात निघाला. नायगावच्या बीडीडी चाळीतील आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना आजोबांनी लावलेली बुद्धाची तसबीर खाली उतरविली. सारनाथच्या धम्मचक्रप्रवर्तन मूर्तीवरून केलेले ते साधे रंगीत चित्र होते. तळाशी छापखान्याचे नाव असावे, पण तसबीरवाल्याने चौकटीत बसविताना ती पट्टीच कापून टाकली होती. चुका काढून मागची फळी सोडविली, तेव्हा चित्र आणि फळी यांच्यामध्ये उलटा ठेवलेला एक जाड कागद मिळाला. तो सरळ केला तर लक्ष्मी! कमळावर उभी, तीन बाजूंनी कापून बुद्धाच्या मापाची केलेली. म्हणजे चौकट तीच, काच तीच, खिळाही बहुधा तोच. फक्त समोरचे मागे गेले होते. आजोबांनी हे हेतुपुरस्सर केले की तसबीरवाल्याने पुठ्ठा वाचविण्यासाठी केले, हे सांगता येत नाही. व्याख्याता म्हणून पहिला अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु आजोबा गिरणीत साच्यावर काम करणारे होते आणि पुठ्ठ्याला पैसे पडत, हेही विसरता येत नाही.

जुन्या चित्रांचा जाणकार असलेल्या एका व्यापाऱ्याला मी दोन्ही कागद दाखविले. त्याने भिंगातून लक्ष्मीचा शिळाछाप पाहिला, कडा कापल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि तरीही तो विकत घेण्याची तयारी दाखविली. बुद्धाचे चित्र त्याने बाजूला सारले. असली चित्रे लाखांनी निघाली, त्यांना कोण विचारतो, असे तो म्हणाला. त्याच्या हिशेबात तो चुकत नव्हता. रविवर्मा छापखान्याच्या जुन्या ओलिओग्राफांना आज लिलावात मागणी आहे. वस्तुतः तेही आपल्या काळी मोठ्या संख्येनेच निघत होते. काळाने ते दुर्मीळ केले. पण ज्या कागदामुळे आमच्या घराची दिशा बदलली तो निर्मूल्य आणि ज्याला त्या कागदामागे तोंड लपवून राहावे लागले तो मूल्यवान, अशी ही संग्रहाची मूल्यव्यवस्था आहे. दोन्ही कागद मी परत आणले. ते एकत्रच असले पाहिजेत, कारण त्यांचा अर्थ एकमेकांशिवाय लागत नाही.

संख्येचा दुसरा धडा अजिंठ्याने दिला आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या तेलरंगातील प्रतिकृती 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सर्व जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. त्यांच्या प्रतिकृती लंडनला पाठविल्या गेल्या आणि 1885 साली तेथेही आग लागून त्यांपैकी बऱ्याच नष्ट झाल्या. जे वाचले त्यावरून 1896 व 1897 साली दोन भव्य खंड निघाले. मूळ भिंतींवरील रंग त्यानंतरही झडत राहिले. आज अजिंठ्याच्या कित्येक तपशिलांसाठी अभ्यासकाला या छापील पानांकडेच वळावे लागते. एकमेव प्रत जळाली आणि अनेक प्रतींत विखुरलेली टिकली. 1915 साली इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या लेडी हेरिंगहॅम यांच्या प्रतिकृतींचीही गोष्ट हीच. त्या कामात नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार होते. याच परंपरेतले मुकुल डे यांनी 1916 साली शिकागोत अम्लरेखन शिकून घेतले आणि पुढे अजिंठा व बाघ येथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. आधुनिक भारतीय मुद्राचित्राच्या आरंभीच बौद्ध लेण्यांची वाट अशी येऊन मिळते.

पण छापाबरोबर शीर्षकही छापले जाते, आणि चुकीचे शीर्षक चित्रापेक्षा दीर्घायुषी ठरते. सोळाव्या लेण्यातील ज्या चित्राची ग्रिफिथ्स यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली ते 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने जगभर गेले. पोस्टकार्डे, पुस्तके आणि आता सही-क्रमांकांची मुद्राचित्रे यांवरही तेच नाव दिसते. ही स्त्री मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी होय. उदानातील नंदसुत्तात व धम्मपद-अट्ठकथेत तथागतांचा भाऊ नंद याची कथा येते. अश्वघोषाने त्यावर 'सौन्दरनन्द' हे काव्य रचले. नंद प्रव्रजित झाला हे कळताच त्याची पत्नी कोसळते, हा तो क्षण आहे. भिंतीवर जवळच एक सेवक नंदाचा मुकुट घेऊन उभा आहे. मुकुट परत आला, मुकुट घालणारा परत आला नाही! हा सगळा अर्थ त्या सेवकाच्या हातात आहे, आणि सुंदर स्त्रीचे चित्र विकणाऱ्यांनी नेमका तो सेवक कापून टाकला. ज्या छापात केवळ राणी दिसते तो कितीही कमी प्रतींचा असो, अभ्यासकाच्या दृष्टीने तो अर्धा कागद आहे.

पहिल्या लेण्यातील कथित 'इराणी वकिलात' हे याहून ठळक उदाहरण. फर्ग्युसन यांनी 1879 साली त्या चित्रात पुलकेशी दुसरा व इराणचा खुस्रू यांचे संबंध पाहिले आणि पाठ्यपुस्तकांनी ते उचलले. नंतरच्या संशोधकांनी तो प्रसंग महासुदस्सन राजाच्या कथेतील असल्याचे दाखविले. साहेबाला दरबार दिसला कारण तो दरबार शोधत होता. सतराव्या लेण्यात तथागतांपुढे उभी असलेली माता व बालक यांचे चित्र तर आपल्या अनेक घरांत आहे. खाली कधी 'भिक्षादान' असे लिहिलेले असते, कधी नुसते 'माता आणि पुत्र'. महावग्ग वाचणाऱ्याला ठाऊक आहे की राहुल तेथे दायज्ज, म्हणजे वारसा मागतो आहे, आणि त्याला वारसा म्हणून प्रव्रज्या मिळते. पुढे शुद्धोदनाच्या विनंतीवरून आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला. भिक्षा म्हटले की चित्र गोड होते. वारसा म्हटले की ते अवघड होते.

येथे आम्हा पाली अभ्यासकांचाही दोष सांगितला पाहिजे. आम्ही पाली जातकट्ठकथा उघडून अजिंठ्याच्या प्रत्येक भिंतीला तीतील क्रमांक लावीत गेलो. परंतु अजिंठ्याच्या चित्रकारांपुढे अनेक ठिकाणी मूलसर्वास्तिवादी विनय, आर्यशूराची जातकमाला अशी संस्कृत परंपरा होती, हे श्लिंगलॉफ यांच्यासारख्या विद्वानांनी तपशिलाने सिद्ध केले आहे. माझ्याच एका जुन्या व्याख्यानात मी एका प्रसंगाचा अर्थ केवळ पालीवरून लावला होता. श्रोत्यांपैकी कोणी आक्षेप घेतला नाही, हे मला आज अधिक खटकते. चित्राचा अर्थ लावणाऱ्याने आपल्याला येणाऱ्या भाषेपुरतेच चित्र कापून घेऊ नये. तसबीरवाल्याने छापखान्याची पट्टी कापली, त्यातलाच हा प्रकार.

आता ज्यांनी आपल्याच अनुभवातून मुद्राचित्रे घडविली त्यांच्याकडे वळू. 1961 साली नागपुरात जन्मलेले सवी सावरकर यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण बडोद्यात घेतले. त्यांच्या अम्लरेखनांत पेशवाईतील पुण्याचा अस्पृश्य येतो : गळ्यात मडके, मागे झाडू. या प्रतिमा पाहताना तंत्राचा व आशयाचा संबंध लक्षात येतो. अम्लरेखनात मेणाचा लेप खरवडून पत्रा आम्लात बुडवितात. आम्ल रेषेच्या जागी धातू खाते आणि त्या खाचेत शाई भरते. खाल्लेल्या जागीच चित्र उमटते. दुसऱ्या कोणत्या तंत्रात ते मडके इतके काळे झाले असते असे मला वाटत नाही. येथे चित्रकाराच्या हाताला महत्त्व आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि वर पारिभोगिक चेतियाविषयी जे लिहिले ते या ठिकाणी जसेच्या तसे लागू पडत नाही. कारण तो हात केवळ कुशल हात नाही. ज्याला पाण्याला शिवू दिले नाही त्या वंशपरंपरेचा तो हात आहे. टार्टाकोव यांनी 2012 साली संपादित केलेल्या दलित कलाविषयक ग्रंथात या कामाची गांभीर्याने चर्चा झाली. इतरत्र मात्र 'जर्मन अभिव्यक्तिवादाचा प्रभाव' एवढे म्हणून विषय संपविला जातो. प्रभाव असेलही. पण गळ्यातले मडके जर्मनीतून आलेले नाही.

जर्मनीचे नाव निघालेच आहे तर केथे कोलवित्झ यांच्याविषयी सांगणे अवश्य आहे. त्यांनी 1893 ते 1897 या काळात विणकरांच्या उठावावर सहा मुद्राचित्रांची मालिका केली; तीन शिळाछाप व तीन अम्लरेखने. उपाशी मूल, कट करणारे कामगार, मालकाच्या फाटकावरचा मोर्चा आणि शेवटी घरात आणलेली प्रेते. 1982 चा गिरणी संप ज्या घरांनी सोसला त्यांना ही चित्रे समजावून सांगण्याची गरज पडू नये. चिनी लेखक लू शुन याने कोलवित्झ यांची मुद्राचित्रे मिळवून 1936 साली शांघायमध्ये त्यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. प्रती अवघ्या 103. म्हणजे आजच्या भाषेत अगदी मर्यादित आवृत्ती. पण प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानावर, जेथे सामान्यतः सर्व हक्क राखून ठेवलेले असतात, तेथे त्याने असा आशय छापला की जो कोणी याचे पुनर्मुद्रण करील त्याचे पुण्य अपरिमित होय. शब्द त्याने बौद्ध ग्रंथछपाईच्या परंपरेतून उचलला होता. लू शुन काही श्रद्धाळू उपासक नव्हता, त्यामुळे त्यात थोडा विनोदही असावा. तरीही त्याने नेमका शब्द उचलला.

ती परंपरा काय आहे ते थोडक्यात सांगतो. काळ नोंदलेला सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ म्हणजे इसवी सन 868 चे चिनी वज्रच्छेदिका सूत्र. त्याच्या आरंभी तथागत सुभूतीला उपदेश करीत असल्याचे लाकडी ठशावरून काढलेले चित्र आहे, आणि शेवटच्या नोंदीत वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांसाठी हे सर्वांना मोफत वाटण्याकरिता करविल्याचे म्हटले आहे. त्याच्याही आधी, आठव्या शतकात, जपानच्या सम्राज्ञी शोतोकूने दहा लाख लहान लाकडी स्तूप करवून प्रत्येकात छापील धारणी ठेवविली, अशी परंपरा आहे. इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरीत एकोणिसाव्या शतकात मातीच्या मुद्रा सापडल्या. त्यांवर ठशाने उठविलेली बुद्धप्रतिमा आणि अस्सजि स्थविरांनी उपतिस्साला सांगितलेली हेतु-फलाची गाथा आहे. एकाच ठशावरून अनेक मुद्रा, ओल्या मातीवर दाब देऊन. मुंबईतील पहिले मुद्राचित्र कोणते असे कोणी विचारले तर मी गिरगावचे नाव घेणार नाही, कान्हेरीचे घेईन. त्या मुद्रांवर क्रमांक नाही, सही नाही. जितक्या अधिक, तितके पुण्य अधिक, हा त्यांच्यामागील विचार होता.

मग मर्यादित प्रत घेऊ नये काय? अवश्य घ्यावी. आपल्या चित्रकारांची तर घ्यावीच, कारण ती न घेतल्यास दुसरे घेतील आणि वीस वर्षांनी आपल्या अभ्यासकाला ती पाहण्यासाठी परक्या दालनात परवानगी मागावी लागेल. खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दरवर्षी 6 डिसेंबरच्या सुमारास चैत्यभूमीकडे जाणारी वाट आणि शिवाजी पार्क पुस्तकांच्या व चित्रांच्या दुकानांनी भरून जाते. बाबासाहेबांनी काढलेले म्हणून ओळखले जाणारे उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र तेथे पाच दुकानांत पाच प्रकारच्या डोळ्यांचे मिळते. संविधान हाती घेतलेले बाबासाहेब, माता रमाई, दीक्षेचा प्रसंग, भीमा-कोरेगावचा स्तंभ : दर काही वर्षांनी चेहरा बदलतो, कोटाचा निळा रंग बदलतो, पार्श्वभूमीला कधी संसद येते तर कधी अशोकचक्र. हा एका समाजाच्या आत्मप्रतिमेचा चालता इतिहास आहे. टार्टाकोव यांनी नव्या बौद्ध प्रतिमासृष्टीवर 1990 मध्ये इंग्रजीत लेख लिहिला. आपण मात्र ती दहा-वीस रुपयांची चित्रे वर्षवार लावून ठेवलेली अशी एक कपाटभर जागा कोणत्याही विहारात दाखवू शकत नाही. राजगृहात ग्रंथ जिवापाड जपणाऱ्या महापुरुषाचे आपण अनुयायी आहोत. मुबलक आहे म्हणून कोणी ठेवत नाही, आणि कोणी ठेवत नाही म्हणून चाळीस वर्षांनी ते 12/50 पेक्षाही दुर्मीळ होते. आणि आता चाळी पडत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील खोल्या रिकाम्या होताना किती तसबिरी रद्दीत गेल्या असतील याची मोजदाद कोणी केली नाही.

यासाठी पैसा फारसा लागत नाही. दरवर्षी प्रत्येक चित्राची एक प्रत घ्यावी. मागे मऊ पेन्सिलीने वर्ष, ठिकाण व किंमत लिहावी. तळाशी छापलेले नाव कापू नये, कापू देऊ नये. चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग कधीच जात नाही. साधा पुठ्ठा आम्लधर्मी असतो व कागद तपकिरी करतो, म्हणून मध्ये अम्लविरहित कागद घालावा. मुंबईच्या पावसाळ्यात चित्र काचेला चिकटते आणि बुरशी धरते. काच व चित्र यांत अंतर ठेवावे, तसबीर ओल्या भिंतीला टेकवू नये. कसर लागल्यास उन्हात टाकण्याची घाई करू नये, रंग उडतात. आणि ज्या घरातून तसबीर मिळाली त्या घरातील वडीलधाऱ्यांना ती केव्हा, कोठून आणली, आधी त्या जागी काय होते, हे विचारून लिहून ठेवावे. हे काम तरुणांनी केले पाहिजे, आणि ते लवकर केले पाहिजे.

आमच्या घरातील त्या दोन कागदांची नोंद मी अशी केली आहे. पहिला : बुद्ध, धम्मचक्रप्रवर्तन मुद्रा, रंगीत छापील चित्र, मुद्रकाचे नाव कापलेले, वर्ष अज्ञात, बहुधा 1956 नंतर लवकरच, नायगाव. दुसरा : लक्ष्मी, शिळाछाप, तीन कडा कापलेल्या, पहिल्याच्या मागे उलटा मिळाला. 'किंमत' या रकान्यात काय लिहावे हे मला सुचले नाही. तो रकाना कोराच आहे. आत्याला विचारले तेव्हा तिने एवढेच सांगितले की, चित्र बदलले त्या संध्याकाळी खोलीत दिवा लावायचा की नाही यावरून आजी-आजोबांचे भांडण झाले होते, आणि शेवटी दिवा लावला गेला.